फटफटीचा आवाज: जिथे तो कमी करतात, तिथेच तो वाढवतात

मंडळी, मोटारसायकलला आपल्याकडे जुना शब्द आहे 'फटफटी'. आजोबांच्या पिढीने या गाडीला नाव दिलं ते वेगावरून किंवा चाकांवरून नाही, सरळ आवाजावरून. ती दिसायच्या आधी ऐकू यायची, म्हणून फटफटी.

हे आठवायचं कारण म्हणजे जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो. कधी पुणे, कधी नागपूर, कधी कोल्हापूर. फोटो आला की खाली दोन गट पडतात. एक म्हणतो, 'बरं झालं, माजलेत नुसते.' दुसरा म्हणतो, 'पोरांनाच पकडता, विकणाऱ्याला का नाही?' दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण आपण पिंपरी-चिंचवड, चाकणवाले या वादात नुसते बघे नाही आहोत. हा आवाज कमी करायचं काम करून इथली हजारो घरं चालतात. म्हणून थोडं मागे जाऊन हा विषय बघूया. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

सुरुवात इंजिनापासून. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि दाबाखालचा गरम वायू एकदम बाहेर सुटतो. प्रत्येक ठिणगीमागे एक छोटा स्फोट. तो तसाच मोकळा सोडला तर कान बसतात. म्हणून वाटेत एक डबा बसवतात. त्यात कप्पे, भोकं पाडलेल्या नळ्या, कधी काचेची लोकर. वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात फिरतो, पसरतो, त्याचा जोर मोडतो. हा झाला सायलेन्सर. अमेरिकेत रीव्ह्ज बंधूंनी १८९७ मध्ये मोटारीच्या अशा डब्याचं पेटंट घेतलं. म्हणजे मोटार रस्त्यावर आल्यावर थोड्याच वर्षांत तिला गप्प करायची गरज वाटली.

गंमत पुढे आहे. त्या काळच्या अनेक मोटारींना 'कटआउट' नावाची झडप असायची. ती उघडली की धूर सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर. कारण काय सांगायचे, तर चढावर इंजिनाला जोर मिळतो. प्रत्यक्षात लोक ती भर बाजारात उघडायचे! शेवटी तिथल्या शहरांनी कटआउटवर बंदी घालायला सुरुवात केली. शंभर वर्षं उलटली, कारण तेच आहे ('पिकअप वाढतो') आणि जागाही तीच आहे, भर चौक.

आता आपल्याकडे या. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळावर शेड उभ्या राहू लागल्या. बजाजला १९५९ मध्ये दुचाकी-तीनचाकी बनवायचा परवाना मिळाला आणि पुढे आकुर्डीचा कारखाना उभा राहिला. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. त्या गावाचा आवाज म्हणजे कारखान्याचा भोंगा. भोंग्यावर घड्याळं लावायची, भोंग्यावर डबे भरायचे.

रस्त्यावर तेव्हा स्कूटर होती. १९७२ ची चेतक टू-स्ट्रोक. तिचा सायलेन्सर पायाखाली दडलेला, आवाज घरगुती. ती मिळवायला लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. ज्याला गाडीच मिळत नाही तो तिचा आवाज बदलायच्या भानगडीत कशाला पडेल?

मोटारसायकलींचं तसं नव्हतं. तिथे आवाज ही ओळख होती. दूधवाल्याची राजदूत कोपऱ्यावरून कळायची. म्हैसूरला बनणाऱ्या येझदीला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १०० आली आणि कॉलेजच्या पोरांना वेड लागलं. तिचा तो तार स्वरातला आवाज अजून काहींच्या कानात असेल. आणि या सगळ्यांच्या वर बुलेट.

बुलेट १९५५ पासून मद्रासला जुळायला लागली. तिच्या जुन्या इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९०. म्हणजे पिस्टनचा प्रवास लांब, फ्लायव्हील जड, फेरे कमी. त्यामुळे प्रत्येक ठोका सुटा ऐकू यायचा. हा ठोका कुणी ठरवून बनवला नव्हता, तशा इंजिनाचा तो स्वभावच होता. पण ती गाडी चालवायचं कोण? लष्कर, पोलीस, गावातला एखादा मोठा बागाईतदार. त्यामुळे ठोक्याला आपोआप वजन आलं. आवाज आला की लोक सरकून उभे राहायचे. आवाज म्हणजे सत्ता, हे समीकरण तिथून डोक्यात बसलं, ते अजून उतरलेलं नाही.

यानंतर चित्र बदललं आणि त्यात आपल्या पट्ट्याचा हात मोठा आहे.

धुराचे नियम कडक होत गेले तशी टू-स्ट्रोक मागे पडली. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. त्याच वर्षी म्हैसूरचा येझदीचा कारखाना बंद झाला. इकडे चाकणला बजाजचा नवा कारखाना उभा राहिला आणि नोव्हेंबर २००१ मध्ये पल्सर आली, १५० आणि १८० सीसी. स्कूटरची कंपनी म्हणून ओळखली जाणारी बजाज मोटारसायकलची कंपनी झाली. त्या काळात बजाजने एक्झॉस्टेक नावाचं तंत्र पेटंट केलं. बेंड पाईपलाच एक छोटा बंद डबा जोडलेला, तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. परत येणाऱ्या दाबाच्या लाटेचा उपयोग करून कमी फेऱ्यांवर इंजिनाला जास्त ओढ द्यायची, हे त्याचं काम. म्हणजे सायलेन्सर हा नुसता झाकण घातलेला डबा राहिला नाही, तो इंजिनाचाच भाग झाला.

नंतर केटीएम. २००७ मध्ये बजाजने या ऑस्ट्रियन कंपनीत भाग घेतला. २०११ पासून चाकणला बनलेली १२५ ड्यूक युरोपात जाऊ लागली आणि जानेवारी २०१२ मध्ये २०० ड्यूक आपल्याकडे आली. तिचा सायलेन्सर इंजिनाच्या पोटाखाली, वजन मध्यभागी राहावं म्हणून. २०२३ पासून ट्रायम्फची ४०० सीसीची गाडीही चाकणलाच बनते. ऑस्ट्रिया आणि ब्रिटनचं नाव टाकीवर असलेली गाडी खराबवाडी-महाळुंग्याच्या रस्त्याने पहिल्यांदा धावते, ही साधी गोष्ट नाही.

आता महत्त्वाचा मुद्दा. यातली प्रत्येक गाडी विकायला काढण्याआधी तिच्या आवाजाची परीक्षा होते. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, १९६६ पासूनची संस्था. तिचं एक केंद्र चाकणलाही आहे. परीक्षा अशी: मोकळा, सपाट ट्रॅक. गाडीच्या वाटेपासून साडेसात मीटरवर, जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर मायक्रोफोन. गाडी ठरलेल्या वेगाने येते, रेषेवर आली की अ‍ॅक्सिलेटर पूर्ण पिळायचा, वीस मीटर पुढे गेल्यावर सोडायचा. मधला सगळ्यात मोठा आवाज मोजायचा. मर्यादा: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७, त्यावर ८०. युरोपानेही बराच काळ हेच आकडे वापरले.

एक डेसिबल खाली आणायला काय लागतं ते त्या कामातल्या माणसाला विचारा. कप्प्याची जागा दोन मिलिमीटर हलवायची, भोकांचा व्यास बदलायचा, पत्रा जाड करायचा, वेल्डिंग पुन्हा तपासायचं. पाईप वाकवणारे, जाळी बसवणारे, वेल्डिंग करणारे, लीक टेस्ट घेणारे, सगळे याच पट्ट्यातले. एप्रिल २०२० मध्ये बीएस सिक्स आलं आणि त्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, फ्युएल इंजेक्शनशी जोडणी असं सगळं घट्ट बसलं.

गाड्या अशा शांत होत गेल्या आणि नेमकं तेव्हाच मोठ्या आवाजाचा धंदा वाढला. बुलेटचंच बघा. २००९ च्या आसपास क्लासिकबरोबर नव्या बांधणीचं इंजिन आलं, धूर कमी झाला, तेलगळती कमी झाली, पण जुना ठोका मऊ झाला. जो ठोका इंजिनातून यायचा तो आता दुकानातून विकत घ्यायची वेळ आली. मग 'पंजाब', 'इंदोरी', 'डॉल्फिन', 'शॉर्ट बॉटल', 'मेगाफोन' अशी नावं प्रत्येक अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात लटकू लागली. काही हजारांत काम. आणि तेवढेही नसतील तर गॅरेजवाला आतली पुंगळी काढून देतो, फुकटात!

थोडक्यात, सकाळी एका शेडमध्ये जो डबा वेल्ड होतो, तो संध्याकाळी दुसऱ्या शेडमध्ये कापला जातो. मधलं अंतर फार तर दहा किलोमीटर.

हे का होतं? 'संस्कार नाहीत' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला त्यात फार तथ्य वाटत नाही. चाकण, खेड, मावळात जमिनी गेल्या, पैसा आला, 'गुंठामंत्री' म्हणून हिणवणंही आलं. दुसरीकडे कंत्राटी पोरगा. बारा-बारा तास लाइनवर उभा, गळ्यात ठेकेदाराचं कार्ड, आणि नाव कुणाला माहीत नाही. तो हप्त्यावर गाडी घेतो. ती त्याच्या आयुष्यातली पहिली वस्तू जी त्याच्या मनासारखी वागते. अ‍ॅक्सिलेटर पिळला की शंभर लोक वळून बघतात. हे समजून घ्यायला हवं. पण समजून घेणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं. कारण ते शंभर लोक कोण आहेत, हेही बघायला हवं.

त्यातला एक जण थर्ड शिफ्ट करून आलेला असतो. प्रेस शॉपमध्ये रात्रभर कानात इअरप्लग घालून उभा होता. आठ तासांसाठी ९० डेसिबल ही कारखान्यातली मर्यादा, तिथे कानाला संरक्षण आहे, सेफ्टी ऑफिसर आहे. घरी येऊन दिवसा झोपायचं तर काळेवाडीच्या, यमुनानगरच्या, नाणेकरवाडीच्या त्या खोलीत काहीच संरक्षण नाही. झोपमोड झालेला माणूस पुढच्या रात्री पुन्हा प्रेससमोर उभा राहतो. तिथे डुलकी लागली तर काय होतं, हे इथे सांगायची गरज नाही, आपल्यातल्या अनेकांनी बोटं गेलेले हात पाहिलेत.

दुसरा वायसीएममध्ये अ‍ॅडमिट असतो. रुग्णालयाभोवतीचं शंभर मीटर हे शांतता क्षेत्र. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. निवासी भागात ५५ आणि ४५. आता हिशेब करा. डेसिबलची मोजणी साध्या बेरजेची नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ८० ची गाडी पुंगळी काढून ९० वर गेली, तर ती एकटी दहा गाड्यांइतकी झाली. रात्री दीडला स्पाइन रोडवरून एकच पोरगा जातो, पण दोन्ही बाजूंच्या सोसायट्यांना तो दहा जणांची टोळी वाटतो, ती यामुळेच.

'मोठा आवाज असला की अपघात टळतो' असंही काही जण मनापासून सांगतात. जरा विचार करा. सायलेन्सरचं तोंड मागे असतं. धोका बहुतेक वेळा पुढून येतो: वळणारी कार, आडवा येणारा टेम्पो. काचा बंद, एसी चालू, गाणी चालू असलेल्या ड्रायव्हरला तुमचा आवाज पोचतो तो तुम्ही शेजारी आल्यावर. दिवसा हेडलाइट आणि डोक्यावर हेल्मेट यांचा उपयोग यापेक्षा कितीतरी जास्त.

आणि पिकअप? टू-स्ट्रोकच्या काळातही पाईप बदलला की बहुतेकांच्या गाडीचा खालचा जोर मरायचा, कारण त्या इंजिनात पाईपमधून परत येणारी लाटच ताजं मिश्रण आत ढकलायची. आताच्या गाडीत सेन्सर, कन्व्हर्टर आणि इंजेक्शन एकमेकांवर अवलंबून आहेत. नुसती नळी मोकळी केली तर मिश्रण बिघडतं, इंजिन तापतं, मायलेज घसरतं आणि वॉरंटी नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. 'फटाका' तर त्याहून वाईट. चालत्या गाडीत इग्निशन बंद करून पुन्हा चालू केलं की न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत जाऊन पेटतं, तोच तो बार. त्यात पैसा तुमचाच जळतो, वर व्हॉल्व्ह आणि कन्व्हर्टरचं आयुष्यही. वेग वाढल्यासारखा वाटतो खरा, कारण कानाला वेग आवाजावरून कळतो. स्पीडोमीटर काही वेगळंच सांगत असतो.

आता कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२० सांगतो की प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. त्याच दुरुस्तीतलं कलम १८२ए सांगतं की परवानगीशिवाय गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही. कायदा काही मऊ नाही.

गोम कुठे आहे? ७५-७७-८० ही मर्यादा गाडी कारखान्यातून निघतानाची आहे. त्यासाठी ट्रॅक लागतो, मायक्रोफोन लागतो. नाशिक फाट्यावर उभ्या हवालदाराकडे ना ट्रॅक, ना शांतता. तो कानाने ठरवतो. मग कुणी सुटतो, कुणी अडकतो, कुणी फोन लावून देतो. वाढदिवसाच्या रॅलीत पन्नास पुंगळ्या निघालेल्या चालतात, एकटा डिलिव्हरीवाला मात्र सापडतो. अशाने कायद्याचा धाक राहत नाही, राहतो तो फक्त राग.

म्हणून तीन मागण्या मांडतो, पटल्या तर पुढे न्या.

एक. एप्रिल २०१७ पासून नवीन गाडीच्या फॉर्म २२ वर कंपनीने हॉर्नचा आणि धावत्या गाडीचा आवाज किती, हे लिहून द्यायचं आहे. किती जणांनी तो कागद वाचलाय? शोरूमने गाडी देताना तो आकडा ग्राहकाला दाखवावा, आणि आरटीओने उभ्या गाडीचा आवाजही कागदावर आणावा. युरोपात उभ्या गाडीचा आवाज किती फेऱ्यांना किती, हे गाडीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. पोलिसाने मीटर नळीजवळ धरला की विषय संपला. वादच नाही.

दोन. विकणारा आणि बसवणारा. युरोपात बदली सायलेन्सरला स्वतंत्र परीक्षा आणि मान्यतेचा शिक्का लागतो. शिक्का नसेल तर तो रस्त्यावर चालत नाही. आपल्याकडे तो दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेला असतो आणि दंड फक्त घेणाऱ्याला. पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ पासून आहे. रोलर फिरवायचाच तर त्याआधी सायलेन्सर कुठून आला याची पावती विचारा.

तीन. रॅलीची परवानगी देताना आवाजाची अट घाला आणि ती सगळ्यांना सारखी लावा. झेंडा कुठलाही असो, भाऊ कुणाचाही असो.

आणि जे मित्र सध्या सायलेन्सर बदलायच्या विचारात आहेत त्यांना थेट सांगतो. आवाजाची आवड असणं गुन्हा नाही. चांगल्या इंजिनाचा आवाज ही सुंदर गोष्ट आहे, मलाही आवडतो. पण आवाजाचा पोत वेगळा आणि आवाजाची पातळी वेगळी. कंपनीचा इंजिनिअर महिनोन्महिने बसतो तो त्या पोतासाठी, की ७७ च्या आत राहूनही पल्सर पल्सरसारखीच वाटली पाहिजे. गाडी वेळेवर सर्व्हिस करा, चेन ढिली ठेवू नका, सायलेन्सरचं गॅस्केट फुटलं असेल तर बदला, मग तिचा मूळ आवाज ऐका. त्यातूनही मन भरत नसेल तर पुंगळी काढलेली स्वतःची गाडी एकदा मित्राला चालवायला द्या, आणि रात्री अकराला स्वतःच्या घरात, बाळाच्या पाळण्याजवळ बसून तिची चक्कर ऐका. काय निवडायचं ते मग ठरवा.

शेवटचं. आकुर्डीत २००७ मध्ये गाड्या बनणं थांबलं तेव्हा अनेक घरांत सुतक होतं. त्याच आकुर्डीत जून २०२२ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचा कारखाना सुरू झाला. तिथून आता चेतकच बाहेर पडते, पण फटफट न करणारी. सायलेन्सरच नाही, तर पुंगळी काढणार कसली! पुढच्या पिढीला कदाचित 'फटफटी' हा शब्द समजावून सांगावा लागेल. तोवर मधल्या काळात पेट्रोलच्या लाखो गाड्या याच रस्त्यांवर आहेत, आणि त्यांच्या शेजारी झोपायचा प्रयत्न करणारी लाखो माणसंही. यातल्या अनेकांनी त्याच गाड्या स्वतःच्या हाताने जोडल्यात. त्यांना निदान सहा तास सलग झोप मिळावी, एवढंच मागणं आहे.

तुमच्या भागात नेमका कुठल्या रस्त्यावर, किती वाजता त्रास होतो ते कमेंटमध्ये लिहा. नावं आणि गाडी नंबर नकोत, फक्त जागा आणि वेळ. यादी झाली की सगळे मिळून निवेदन देऊ.

#पिंपरीचिंचवड #चाकण #फटफटी #शांतझोप